चौदा वर्षे निजलेला कायदा

शेक्सपिअरची कोणती नाटके मराठी माणसाने आपलीशी केली, हे येथे जमलेल्या मंडळींना नव्याने सांगावयास नको. आगरकरांनी १८८३ साली 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले, देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला, केळकरांची 'त्राटिका' रंगभूमीवर गाजली. 'मेझर फॉर मेझर' ह्या नाटकाच्या वाट्याला मात्र ते भाग्य आले नाही. हरिभाऊ आपट्यांनी त्याच्या आधारे 'सुमतिविजय' लिहिले खरे, पण ते नाव आज क्वचितच कोणाच्या तोंडी येते. ह्याचे कारण आम्हांला उघड दिसते. खून, सूड, संशय ह्या गोष्टी कुटुंबासह बसून पाहता येतात. परंतु एक न्यायाधीश एका बहिणीला सांगतो की, भावाचा जीव हवा असेल तर एक रात्र माझ्याकडे ये, हे दृश्य पाहताना शेजारी सासरे बसलेले असले म्हणजे माणसाची पंचाईत होते. तेव्हा ते नाटक बाजूला राहिले. आज त्याच नाटकाबद्दल बोलावे असे आम्ही ठरविले आहे.

आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. इंग्रजी नाटके आम्ही शब्दकोश मांडीवर घेऊन, दुसऱ्या पाळीनंतर वाचली. आम्हांला धीर एवढाच की ज्याची ती नाटके, तोही विद्यापीठात गेलेला नव्हता. हातमोजे शिवणाऱ्याचा तो मुलगा. त्यामुळे काव्याची बाजू विद्वानांकडे सोडून, युनियनचे काम करणाऱ्या माणसाला ह्या नाटकात जे दिसते तेवढेच आम्ही मांडणार आहोत.

प्रथम कथा. व्हिएन्ना शहराचा ड्यूक व्हिन्सेन्शिओ गावाला जातो असे जाहीर करून कारभार अँजेलो नावाच्या एका कडक, निर्व्यसनी, लोकांत नाव असलेल्या माणसाच्या हाती देतो. तो जात मात्र कोठेच नाही. साधूचा वेष घेऊन शहरातच वावरतो. त्या शहरात लग्नाबाहेरच्या संबंधाला देहदंड सांगणारा एक जुना कायदा आहे, आणि तो कित्येक वर्षांत कोणी वापरलेला नाही. ड्यूक म्हणतो चौदा वर्षे, आरोपी म्हणतो एकोणीस. हा हिशेब शेक्सपिअरने जुळवून पाहिलेला दिसत नाही. थकबाकीचे दावे आयुष्यभर केल्यामुळे असल्या गोष्टी आमच्या लगेच नजरेत येतात. अँजेलो येताच तो कायदा जागा होतो आणि पहिला सापडतो क्लॉडिओ. त्याची ज्युलिएट गरोदर आहे. (ही रोमिओची ज्युलिएट नव्हे.) क्लॉडिओची बहीण इझाबेला जोगीण होण्यासाठी मठात शिरण्याच्या बेतात आहे. तिला बोलावून आणतात. ती भावासाठी रदबदली करावयास जाते, आणि तिला पाहून अँजेलोचे मन ढळते. पुढची मागणी काय होते ते वर आलेच आहे.

आता ड्यूकने असे का केले, हे तो स्वतःच एका साधूला सांगतो, आणि ते कारण ऐकण्यासारखे आहे. इतकी वर्षे मी लोकांना मोकळीक दिली, आता मीच त्यांना झोडपू लागलो तर मी जुलमी ठरेन. म्हणून माझ्या नावाने दुसऱ्याने झोडपावे आणि माझ्या अंगाला बोल लागू नये. ज्याने कारखान्यात दहा वर्षे काढली आहेत त्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. जुने शेटजी हसतमुख राहतात, दिवाळीला पेढे वाटतात, आणि एक दिवस कोठून तरी नवा मॅनेजर येतो. तो शिस्तीचा भोक्ता असतो. तोपर्यंत खात्यात तंबाखू मुकादमापासून सगळेच खात असतात, आणि खाऊ नये हा नियम भिंतीवर लावलेला असतोच. मग एके सकाळी त्या नियमाखाली एकाच माणसाला चार्जशीट मिळते. आणि तो नेमका सह्या गोळा करणारा निघतो. आम्ही अशी प्रकरणे एकाहून अधिक ठिकाणी लढविली आहेत.

अशा वेळी आमचा पहिला युक्तिवाद हाच असतो की, सगळेच करीत होते. आणि समोरचा वकील जे उत्तर देतो, तेच अँजेलो ह्या नाटकात देतो. तो म्हणतो, ज्यूरीच्या बारा माणसांत एखाददुसरा चोर असेलही, आरोपीहून मोठा असेल. पण कायदा जे समोर येते तेच पकडतो. वाटेत दिसलेले रत्न माणूस वाकून उचलतो. जे दिसलेच नाही त्यावर पाय देऊन पुढे जातो. उद्या माझ्या हातून हाच गुन्हा घडला तर मलाही हीच शिक्षा द्या. हा युक्तिवाद पोकळ नाही, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. दुसरे सुटले म्हणून पहिल्याने सुटावे, असे म्हणू लागलो तर कायदाच उरत नाही. शेक्सपिअरने दुष्टाच्या तोंडी बावळट बोल घातले नाहीत, म्हणून हे नाटक वाचण्याजोगे आहे. दोष त्या वाक्यात नाही. कायद्याची नजर कोणाच्या पावलांकडे आहे आणि कोणाच्या नाही, ह्यात तो आहे.

ते कळण्यासाठी नाटकातल्या खालच्या वस्तीकडे वळले पाहिजे. टीकाकार पुष्कळदा तो भाग विनोदी म्हणून घाईने उरकतात. आमच्या मते अर्धे नाटक तेथेच आहे. ओव्हरडन नावाची एक बाई कुंटणखाना चालवते. पॉम्पी तिचा गडी. अँजेलोचा हुकूम निघतो की, वेशीबाहेरच्या वस्तीतली असली सर्व घरे जमीनदोस्त करावी. मग शहराच्या आतल्या घरांचे काय, असे बाई विचारते. ती राहणार, कारण एका शहाण्या धनिकाने मध्ये पडून ती वाचविली, असे पॉम्पी सांगतो. एवढ्या एका ओळीत नगररचनेचे सारे राजकारण आले. ही कल्पनेची भरारीही नव्हे. १६०३ च्या सप्टेंबरात राजाच्या हुकमाने लंडनबाहेरच्या वस्त्यांतली घरे पाडण्याचे फर्मान निघाले होते, आणि कारण दाखविले होते प्लेगचे. नावाला व्हिएन्ना असली तरी सारी गल्ली लंडनची आहे. त्या वर्षी लंडनात प्लेगने ३०,००० च्या वर माणसे मेली. नाटकगृहे कित्येक महिने बंद होती. पुढच्याच वर्षी, २६ डिसेंबर १६०४ रोजी, राजा जेम्सपुढे व्हाइटहॉलच्या राजवाड्यात ह्या नाटकाचा प्रयोग झाला. ओव्हरडन बाई एका ठिकाणी धंदा बसल्याची रड सांगते: लढाई, साथीचा ताप, फाशी आणि गरिबी ह्यांनी गिऱ्हाईक उरले नाही. ऐकणारे त्यावर हसले असतील. पण प्रत्येकाच्या घरचा कोणी ना कोणी त्या चारांपैकी एकात गेलेला होता.

एल्बो नावाचा एक शिपाई ह्या नाटकात आहे. तो शब्दांचा घोटाळा करतो म्हणून प्रेक्षक त्याला हसतात. साडेसात वर्षे तो चौकीदारी करतो आहे. न्यायाधीश एस्कलस आश्चर्याने विचारतो, तुमच्या पेठेत दुसरा कोणी लायक माणूस नाही का? तेव्हा उलगडते की पाळी ज्याची त्याची असते, पण ज्यांची पाळी येते ते ह्याला चार पैसे देऊन आपल्या जागी उभे करतात. बदली कामगार! चारशे वर्षांपूर्वीच्या नाटकात आम्हांला तो भेटला तेव्हा जुना सोबती भेटल्यासारखे वाटले.

स्त्रीपुरुषसंबंधाविषयी हे नाटक काय म्हणते, ह्यावर पुष्कळ खल झालेला आहे. कोणी त्यात ख्रिस्ती धर्मातली क्षमा पाहतो, कोणी लेखकाला वासनेचा वीट आला होता असे म्हणतो. आम्ही साधी गोष्ट विचारतो: क्लॉडिओ आणि ज्युलिएट ह्यांनी वेळेवर लग्न का केले नाही? क्लॉडिओ उत्तर देतो. दोघांनी एकमेकांना वचन दिले होते. पण हुंड्याची रक्कम तिच्या नातलगांच्या पेटीत अडकली होती. त्यांची मर्जी वळेपर्यंत लग्न जाहीर करावयाचे नाही, असे ठरले. त्या काळी इंग्लंडात अशा तोंडी वचनाने झालेले लग्न चर्चच्या नियमाप्रमाणे बंधनकारक धरले जाई. समारंभ नसला तरी. ती वाट कायद्याने बंद झाली ती १७५३ साली. स्वतः शेक्सपिअरचे लग्न १५८२ च्या अखेरीस झाले तेव्हा तो अठरा वर्षांचा होता, बायको सव्वीसची, आणि त्यांची पहिली मुलगी मेच्या अखेरीस बाप्तिस्म्याला गेली. महिने ज्याचे त्याने मोजावे. व्हिएन्नाचा कायदा लागू झाला असता तर जगाला हे नाटक मिळाले नसते. आणि असला कायदा नुसता नाटकी नव्हता: १६५० साली, राजाला मारून सत्तेवर आलेल्या प्युरिटन मंडळींनी इंग्लंडात व्यभिचाराला खरोखरच देहदंड लावला.

दुसरी जोडी पाहा. अँजेलोचे लग्न मारियाना नावाच्या मुलीशी ठरले होते. तिचा भाऊ आणि त्याबरोबर तिच्या हुंड्याचा पैसा, दोन्ही एका जहाजाबरोबर बुडाले. अँजेलोने लग्न मोडले. पाच वर्षांनी भर सभेत त्याला जाब विचारतात तेव्हा तो काय म्हणतो? ठरलेली रक्कम कमी पडली हे एक. पण मुख्य कारण म्हणजे मुलीच्या वागणुकीबद्दल लोक बरे बोलत नव्हते. श्रोत्यांतल्या किती जणांनी हे उत्तर आपल्या नात्यागोत्यात ऐकले आहे, ते आम्ही विचारीत नाही. आपल्याकडे १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला. तोही एक झोपाळू कायदाच आहे.

म्हणजे दोन्ही प्रकरणांच्या मुळाशी पैसा आहे, आणि शिक्षा मात्र शरीराला आहे. ड्यूक पुढे युक्ती काढतो ती अशी की, अंधारात इझाबेलाऐवजी मारियानाने जावे. तो तिला समजावतो, तुमचे वचन झालेले आहे, ह्यात पाप नाही. अहो, मग क्लॉडिओचेही वचनच झालेले होते! ज्या कृत्यासाठी एकाचे डोके उडवावयाचे, तेच कृत्य दुसऱ्याच्या बाबतीत राज्यकर्ता स्वतः जमवून आणतो. ह्या विसंगतीबद्दल नाटकातले एकही पात्र अवाक्षर काढीत नाही. शेक्सपिअरला ती दिसली नसेल असे आम्हांला वाटत नाही.

आता त्या प्रसंगाकडे येऊ. अँजेलो मागणी करतो. इझाबेला भडकते आणि धमकी देते: भावाच्या सुटकेचा कागद आत्ताच्या आत्ता लिहून दे, नाहीतर तू काय आहेस हे मी जगाला ओरडून सांगेन. अँजेलो शांतपणे विचारतो की तुझ्यावर विश्वास ठेवणार कोण? माझे निष्कलंक नाव, माझे कठोर राहणे, राज्यातले माझे स्थान, हे सारे तुझ्या शब्दाविरुद्ध उभे राहील. ती एकटी उरते आणि हाच प्रश्न स्वतःला विचारते.

आम्ही हे पान वाचून पुस्तक मिटले आणि बराच वेळ तसेच बसलो. एका कारखान्याच्या पॅकिंग खात्यातली एक बाई आमच्याकडे आली होती. पाळी बदलून हवी असेल तर सुपरवायझरला एकटीने भेटावे लागेल, असे तिला सांगण्यात आले होते. चौकशी झाली. साक्षीदार नव्हता, कागद नव्हता. सुपरवायझरची वीस वर्षांची स्वच्छ नोकरी चौकशी अधिकाऱ्याने अहवालात नमूद केली. बाईची तीन महिन्यांतली गैरहजेरीही नमूद केली. पुढे काय झाले ते सांगण्याचे कारण नाही. १९९७ साली सुप्रीम कोर्टाने विशाखा खटल्यात नियम घालून दिले आणि २०१३ साली कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे तक्रार समिती असली पाहिजे, असे तो सांगतो. चांगला कायदा आहे. पण बंद खोलीत साक्षीदार नसतो, आणि म्हणून अँजेलोचा प्रश्न समितीच्या टेबलावरही येऊन बसतोच.

जुन्या कथांत आणि शेक्सपिअरच्या नाटकात येथेच मोठा फरक आहे. इटालियन लेखक चिन्थिओने १५६५ साली, आणि इंग्रज लेखक व्हेटस्टनने १५७८ साली हीच गोष्ट सांगितली. त्या दोघांच्याही नायिका भावासाठी अधिकाऱ्याच्या स्वाधीन होतात, आणि शेवटी त्यांचे लग्न त्याच अधिकाऱ्याशी लावले जाते. शेक्सपिअरची बहीण नाही म्हणते. हे 'नाही' त्याने स्वतः घातले.

तुरुंगातला प्रवेश ह्या 'नाही'मुळेच जन्माला आला. साधूच्या वेषातला ड्यूक क्लॉडिओला उपदेश करून जातो: जगण्यात असे आहे तरी काय, मरणाला तयार राहा. उपदेश उत्तम आहे. ज्याला स्वतःला मरावयाचे नाही त्याने केलेले असे उपदेश बहुधा उत्तमच असतात. क्लॉडिओ मान डोलावतो. मग बहीण येते, अँजेलोची अट सांगते, आणि पोरगा प्रथम तिच्याच बाजूने बोलतो: हे होता कामा नये. पण सुटकेची फट दिसताच त्या तयार झालेल्या मनाचे तुकडे होतात. ह्या उबदार, हलत्या बोलत्या देहाचे मातीचे ढेकूळ होणार. गार पडून कुजावयाचे. आणि जीव कोठे जाणार, आगीत की बर्फात, की वाऱ्यावर भरकटत? अगदी हीनदीन जगणेही त्यापुढे स्वर्ग आहे. ताई, मला जगू दे. आणि ती जोगीण होऊ घातलेली मुलगी त्याच्यावर अशी तुटून पडते की वाचणाऱ्याने खाली पाहावे. तू मर, तुला वाचविण्यासाठी मी एक शब्दही प्रार्थनेचा काढणार नाही, इथवर ती जाते.

ह्यावर दोन पक्ष पडतात. इझाबेला निर्दय, भावाच्या जिवापेक्षा तिला आपले सोवळे मोठे, असे एक पक्ष म्हणतो. क्लॉडिओ भेकड, असे दुसरा म्हणतो. आम्ही दोन्ही पक्षांत नाही. त्या कोठडीत तिसरा माणूस हजर नाही, इकडे आम्ही लक्ष वेधतो. ज्याने ही निवड त्या दोघांपुढे टाकली तो आपल्या घरी आहे, आणि त्याच्यावर निघावयाचा राग ही दोन अनाथ पोरे एकमेकांवर काढीत आहेत. संप लांबला म्हणजे घरोघर हेच होते. नवरा बायकोवर चिडतो, भाऊ भावाला कामावर गेला म्हणून मारावयास उठतो, आणि ज्याने कुलूप लावले त्याच्या बंगल्यावर दिवे शांतपणे जळत असतात. इझाबेलाचा त्या वेळचा आवाज दुष्ट बाईचा नाही. कोंडलेल्या माणसाचा आहे.

मरणाविषयी ह्या नाटकात ह्याहून खोल काही असेल तर ते बार्नार्डीनचे पात्र. हा खुनी कैदी नऊ वर्षे तुरुंगात आहे. क्लॉडिओऐवजी ह्याचे डोके अँजेलोला पाठवावे असा ड्यूकचा बेत. कुंटणखान्याचा पॉम्पी आता तुरुंगात जल्लादाचा मदतनीस झाला आहे, आणि जल्लाद अ‍ॅबहॉर्सन नाराज आहे. असला माणूस घेतल्याने आमच्या कसबाची अब्रू जाईल, असे त्याचे म्हणणे. फाशी देणाऱ्यालाही आपल्या धंद्याचा मान असतो! आपल्या 'मृच्छकटिका'त चारुदत्ताला वधस्तंभाकडे नेणारे दोघे चांडाळ आज पाळी कोणाची म्हणून वाद घालतात, त्याची येथे आठवण होते. असो. हे दोघे बार्नार्डीनला उठवावयास जातात. तो म्हणतो, मी रात्रभर प्यालो आहे, मला झोप आली आहे, आज मी मरणार नाही. साधूवेषातला ड्यूक समजूत घालतो. तो म्हणतो, कोणी कितीही सांगा, आज नाही. आणि परत पेंढ्यावर जाऊन पडतो. त्याला कोणी मारू शकत नाही! सुदैवाने रॅगोझिन नावाचा एक चाचा तापाने त्याच सकाळी मेलेला असतो. त्याचे डोके पाठवून काम भागते. त्या सबंध शहरात राज्यसत्तेला सरळ नकार देऊन जिवंत राहणारी माणसे दोन, एक इझाबेला आणि दुसरा हा दारुडा.

शेवटच्या अंकात ड्यूक वेशीवर परत येतो आणि इझाबेला भर रस्त्यात फिर्याद करते. पहिल्याने काय होते? ड्यूकला सत्य माहीत असूनही तो तिला वेडी ठरवून पकडावयास लावतो. मारियानाचीही तीच गत. अँजेलो म्हणाला होता तेच घडते. साधूचा बुरखा ओढला जातो आणि आत राजा निघतो, तेव्हाच त्या दोघींचे बोलणे खरे ठरते. ड्यूक हे सारे परीक्षेसाठी करतो असे म्हणतात. असेल. पण त्या बुरख्यात खरोखरचा साधू असता तर? तो दोघींच्या बाजूने बोललाच होता, आणि त्याला तुरुंगात टाकण्याचा हुकूम सुटलाही होता.

अँजेलोला देहदंड सुनावला जातो, आणि मारियानाच्या विनवणीवरून इझाबेला त्याच्यासाठी गुडघे टेकते. त्या क्षणी भाऊ मेला असेच ती समजते आहे. एवढ्या एका कृतीवर तिच्यावरचे निर्दयपणाचे सारे आरोप आम्ही खारीज करतो. मग भाऊ जिवंत समोर येतो, आणि त्याच दमात ड्यूक तिला लग्नाची मागणी घालतो. थोड्या वेळाने पुन्हा घालतो. ह्यावर तिच्या तोंडी शेक्सपिअरने एकही शब्द दिलेला नाही. १६२३ साली प्रथम छापलेल्या प्रतीतही तेथे कोरी जागा आहे. पूर्वीचे दिग्दर्शक तिचा हात ड्यूकच्या हातात देऊन पडदा पाडीत. १९७० साली जॉन बार्टन ह्यांनी स्ट्रॅटफर्डच्या प्रयोगात सर्वांना आत पाठविले आणि इझाबेलेला रंगमंचावर एकटीच उभी ठेवली. आम्हांला तो शेवट पटतो. एका अधिकाऱ्याच्या मागणीतून जी आत्ताच सुटली तिला दुसऱ्याच्या मागणीवर विचार करावयास वेळ हवा.

बाकी सर्वांना माफी मिळते. क्लॉडिओ सुटतो, अँजेलो सुटतो, खुनी बार्नार्डीनदेखील सुटतो. ड्यूकची निंदा करणाऱ्या ल्युसिओला शिक्षा म्हणून, ज्या वेश्येला त्याच्यापासून मूल झाले तिच्याशी लग्न लावण्याचा हुकूम होतो. ते मूल सव्वा वर्षाचे आहे, आणि इतके दिवस त्याला ओव्हरडन बाईने आपल्या पदरचे घालून वाढविले आहे. पकडून नेताना तिने हे ओरडून सांगितले होते, आणि तिला पकडून देणारा ल्युसिओच होता. शेवटच्या प्रवेशात तिचे नाव कोणी काढीत नाही. तिच्या सुटकेचा हुकूम सबंध नाटकात कोठेही नाही.